एमआरआयपूर्वीची चौकशी

एमआरआय यंत्रातले चुंबक चोवीस तास चालू असते. केंद्राला रात्री कुलूप लागते, संगणक बंद होतात, कधी वीजही जाते. चुंबकाची ओढ मात्र तसूभरही कमी होत नाही. बहुतेक रुग्णालयांतल्या यंत्रांमध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला बुडवलेले असते. इतक्या थंडीत तारेचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न देता वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यातून उभे राहणारे क्षेत्र बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचे असते. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या खोलीत बटण दाबेपर्यंत किरण नसतात. एमआरआयच्या खोलीत धोका आधीपासूनच हजर असतो. तो दिसत नाही आणि टेबलावर कोणी नसतानाही तेवढाच असतो. म्हणून इथली सुरक्षा दारातून आत काय जाते यावर सर्वांत जास्त अवलंबून असते. ज्या केंद्रात स्कॅनपूर्वीचे प्रश्न सही घेण्यापुरते उरले आहेत, तिथे ही सुरक्षा फक्त कागदावर आहे.

यंत्रात तीन वेगवेगळी क्षेत्रे काम करतात आणि तिघांचे धोके वेगळे आहेत. पहिले हे सतत चालू असलेले स्थिर क्षेत्र. ते लोखंडी वस्तूला ओढते, तसेच लांबट वस्तूला आपल्या दिशेत वळवू पाहते. शरीरात बसलेल्या वस्तूच्या बाबतीत हे वळणे ओढीपेक्षाही घातक ठरू शकते. ही ओढ जवळ जाताना हळूहळू वाढत जाते असा समज असेल तर तो चुकीचा आहे. क्षेत्र खोलीबाहेर सांडू नये म्हणून आधुनिक चुंबकाभोवती उलट दिशेच्या वेटोळ्यांचे कवच असते आणि त्यामुळे यंत्राच्या तोंडाशी क्षेत्र एकदम चढते. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हातातल्या सिलिंडरची ओढ फारशी जाणवत नाही. तीन-चार पावले पुढे गेल्यावर तो आवरता येत नाही. मधल्या टप्प्यात सावध होण्याएवढा वेळच मिळत नाही.

दुसरे क्षेत्र रेडिओ लहरींचे. १.५ टेस्लाच्या यंत्रात त्यांची कंपनसंख्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, ३ टेस्लाच्या यंत्रात १२८. या लहरी शरीर थोडे तापवतात आणि लांब तार, वेटोळे किंवा धातूचा पातळ थर मिळाला तर तेवढ्याच जागी उष्णता साठते. एमआरआयमध्ये नोंदल्या जाणाऱ्या इजांमध्ये भाजण्याचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. अनेकदा त्यात बाहेरचा धातूही नसतो: दोन्ही हात पोटावर गुंफलेले असले किंवा पोटऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या, तर शरीरातच विजेला फिरायला बंद वाट मिळते आणि जिथे त्वचा त्वचेला टेकते तिथे फोड येतो. मधे ठेवलेली एक पातळ गादी एवढा अपघात टाळते. तिसरे क्षेत्र वेगाने बदलणारे असते. त्याच्यामुळेच यंत्राचा तो ठोठावल्यासारखा आवाज होतो. तो १०० डेसिबेलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे किंवा कानांवर संरक्षक आवरण देणे ही सौजन्याची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

सर्वांत गाजलेले अपघात पाहिले तर त्यांच्यात एक समान धागा दिसतो. २००१ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या वॅलहाला येथील रुग्णालयात मेंदूतली गाठ काढलेला ६ वर्षांचा मुलगा यंत्रात झोपलेला होता. त्याला प्राणवायू हवा होता, कोणीतरी लोखंडी सिलिंडर आत आणला, तो चुंबकाकडे झेपावला आणि मुलगा दगावला. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात एका वृद्ध नातेवाईक रुग्णाला सोबत करणारा ३२ वर्षांचा तरुण हातात सिलिंडर घेऊन खोलीत गेला. यंत्र बंद आहे असे कर्मचाऱ्याने सांगितले होते, असे त्याच्या नातेवाइकांचे म्हणणे होते. सिलिंडरसह तो यंत्राकडे खेचला गेला, बाहेर पडलेला प्राणवायू त्याच्या शरीरात गेला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याआधी २०१४ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतल्या खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रात सिलिंडर घेऊन गेलेला वॉर्डबॉय आणि तिथला टेक्निशियन यंत्राला सुमारे चार तास अडकून पडले होते. २०२१ च्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियात पुन्हा सिलिंडर, पुन्हा मृत्यू. २०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कजवळ बायकोला टेबलावरून उठवायला आत गेलेला ६१ वर्षांचा माणूस गळ्यातल्या सुमारे ९ किलोच्या व्यायामाच्या साखळीमुळे यंत्राकडे खेचला गेला आणि दुसऱ्या दिवशी वारला.

या पाचही घटनांमध्ये जीवघेणी वस्तू रुग्णाच्या शरीरात नव्हती. ती दुसऱ्या कोणीतरी, बहुधा रुग्णाला मदत करण्याच्या हेतूनेच, आत नेली होती. आणि जगभर फॉर्म मात्र भरून घेतला जातो तो प्रामुख्याने रुग्णाकडून. रुग्णाच्या उत्तरांची खातरजमा आवश्यकच आहे, पण त्यालाच सुरक्षा म्हणणे अपुरे आहे. आत पाऊल टाकणारा नवरा, आई, आया, वॉर्डबॉय, भूलतज्ज्ञ, सफाई करणारा कर्मचारी आणि रात्री आग विझवायला आलेला जवान, या प्रत्येकाची तीच चौकशी व्हायला हवी.

वॅलहालाच्या घटनेनंतर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २००२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढे त्या अनेकदा सुधारल्या. त्यांतला सर्वांत उपयोगी विचार म्हणजे चार विभाग. पहिला विभाग सर्वांना खुला. दुसऱ्यात रुग्णाशी बोलणे होते, कपडे बदलले जातात, फॉर्म तपासला जातो. तिसऱ्यात यंत्र चालवण्याची खोली. इथे चौकशी न झालेली व्यक्ती प्रशिक्षित माणसाच्या सोबतीशिवाय येऊ शकत नाही. चौथा म्हणजे प्रत्यक्ष चुंबकाची खोली. तातडीची वेळ नसेल तर रुग्णाची चौकशी दोन वेगळ्या माणसांनी करावी आणि त्यांतला किमान एक एमआरआय सुरक्षेचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेला असावा, हेही या सूचनांत आहे.

या मांडणीचे खरे बळ भिंतींत नाही, अधिकारात आहे. आत कोण जाईल याचा शेवटचा शब्द प्रशिक्षित टेक्निशियनचा असला पाहिजे आणि घाईत असलेल्या वरिष्ठ डॉक्टरलाही तो मोडता येता कामा नये. आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते. आयसीयूतला रुग्ण स्ट्रेचरवर आला की त्याच्यासोबत चार नातेवाईक, एक निवासी डॉक्टर, एक सिलिंडर आणि ‘लवकर घ्या’ असा आग्रह येतो. पुढचे दहा रुग्ण बाहेर ताटकळत असतात. कमी पगारावरचा, कदाचित कंत्राटी टेक्निशियन अशा वेळी किती जणांना ‘थांबा’ म्हणू शकेल? त्याला तसे म्हणता येईल अशी व्यवस्था करणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. अपघातानंतर त्याच टेक्निशियनवर किंवा वॉर्डबॉयवर गुन्हा दाखल झाला म्हणून ते काम झाले असे होत नाही.

कायद्याची बाजूही लंगडी आहे. एक्स-रे आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, कारण त्यांच्यातून आयनकारी किरण निघतात. एमआरआयमध्ये तसे किरण नाहीत, म्हणून ते यंत्र मंडळाच्या कक्षेत येत नाही. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचची मान्यता ऐच्छिक आहे. किरण नाहीत म्हणजे धोका नाही असा सोयीचा अर्थ यातून निघतो, आणि रुग्णांनाही नेमके तेच सांगितले जाते: ‘यात काही रेडिएशन नाही, काळजी करू नका.’ विभागांची आखणी, कुलूपबंद दार आणि प्रशिक्षित माणूस या तीन गोष्टी नसतील तर केंद्राला परवानाच मिळू नये, इतकी साधी अट घालायला काहीच हरकत नसावी.

आता रुग्णाच्या शरीराकडे. ‘तुमच्या शरीरात इम्प्लांट आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरेच सांगत असतात. पण मांडीत रॉड टाकलेला असतो, गुडघ्याची वाटी बदललेली असते, हृदयात स्प्रिंग बसवलेली असते, झडप बदललेली असते, तांबी बसवलेली असते. यांतल्या कशालाही ते इम्प्लांट म्हणत नाहीत. म्हणून छापील फॉर्म रुग्णाच्या हाती देऊन ‘खुणा करा आणि सही करा’ म्हणणे ही चौकशीच नव्हे. प्रश्न तोंडी विचारायचा आणि तो वस्तूपासून नव्हे, घटनेपासून सुरू करायचा: आजवर कुठली ऑपरेशने झाली? कधी? कुठल्या दवाखान्यात? कधी अपघात झाला होता का? छातीत, डोक्यात, कानामागे एखादे मशीन बसवले आहे का? दंडाला किंवा पाठीला औषधाची पट्टी लावली आहे का? मग नजर फिरवायची. छातीवरचा, गुडघ्यावरचा, कानामागचा व्रण पुष्कळदा रुग्णाच्या आठवणीपेक्षा जास्त सांगतो. आणि काही प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवूनच विचारायचे असतात. सासूसमोर तांबीबद्दल किंवा गरोदरपणाबद्दल खरे उत्तर मिळेलच असे नाही.

डोळ्याचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेल्या एका घटनेत पत्र्याचे काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात पूर्वीच रुतून बसलेला काही मिलिमीटरचा लोखंडी कण स्कॅनच्या वेळी हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. त्या कणाचा त्याला स्कॅनआधी काहीच त्रास नव्हता. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये, कोल्हापूरच्या फाउंड्रीत, गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत चष्म्याविना ग्राइंडर चालवणारी माणसे हजारोंनी आहेत. ‘डोळ्यात काही गेले होते का?’ याचे उत्तर ‘ते रोजचेच आहे’ असे येते. म्हणून पुढचे दोन प्रश्न महत्त्वाचे: ते डॉक्टरांनी काढले का, आणि सगळे निघाले असे सांगितले का? शंका उरली तर डोळ्यांच्या खोबणीचा एक एक्स-रे काढायचा किंवा आधीचा डोक्याचा सीटी पाहायचा. पाच मिनिटांचे काम आहे.

मेंदूतल्या धमनीचा फुगा बंद करण्यासाठी लावलेली क्लिप हे या सगळ्या विषयातले सर्वांत गंभीर प्रकरण. १९९३ साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात नोंदलेल्या घटनेत रुग्णाच्या डोक्यातली क्लिप चुंबकाला दाद न देणाऱ्या जातीची आहे अशी माहिती होती. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच जातीची, लोखंडी गुणधर्माची निघाली. चुंबकाजवळ ती फिरली आणि रुग्णाचा मृत्यू झाला. इथे चौकशी झाली होती, प्रश्न विचारला गेला होता, उत्तरही होते. चुकीची होती ती शस्त्रक्रियेची नोंद.

म्हणजे एमआरआयची चौकशी चुंबकाच्या दाराशी सुरू होत नाही. ती वर्षानुवर्षे आधी, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सुरू होते. बसवलेल्या वस्तूची कंपनी, मॉडेल आणि क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहिला गेला नाही तर दहा वर्षांनंतरचा कुठलाही टेक्निशियन तो शोधून काढू शकत नाही. आज बहुतेक इम्प्लांटसोबत कार्ड आणि चिकटपट्टी येते. ती पट्टी रुग्णालयाच्या केसपेपरवर चिकटवली जाते आणि केसपेपर गोदामात जातो. रुग्णाच्या हाती ‘ऑपरेशन यशस्वी’ एवढाच मजकूर उरतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सर्जनने रुग्णाला कार्ड देऊन ‘हे आधार कार्डासोबत ठेवा’ असे सांगितले, तर या क्षेत्रातल्या निम्म्या अडचणी कमी होतील असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरचीही जबाबदारी इथेच येते. ‘एमआरआय ब्रेन’ एवढे दोन शब्द लिहिलेल्या चिठ्ठीत रुग्णाच्या छातीतल्या पेसमेकरचा उल्लेख नसणे ही हयगय आहे.

मॉडेल कळले तरी काम संपत नाही. २००५ पासून वस्तूंची तीन गटांत विभागणी केली जाते आणि प्रत्येकाचे चिन्ह ठरलेले आहे: हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित, पिवळा त्रिकोण म्हणजे अटींसह सुरक्षित, तिरकी रेघ मारलेले लाल वर्तुळ म्हणजे आत न्यायची नाही. सर्व महत्त्वाचे निर्णय पिवळ्या त्रिकोणापाशी घ्यावे लागतात. कोणत्या टेस्लावर, किती रेडिओ ऊर्जेवर, शरीराचा कोणता भाग यंत्रात असताना, किती वेळ, या सगळ्या अटी वाचाव्या लागतात. ३ टेस्लावर चालले म्हणजे १.५ टेस्लावर चालणारच, हा अंदाज इथे दगा देतो. तार किती तापेल हे तिची लांबी आणि लहरींची लांबी यांच्या मेळावर ठरते, आणि १.५ टेस्लावर ती लांबी वेगळी असते. एखादी तार कमी ताकदीच्या यंत्रात जास्त तापू शकते.

याच्या उलट चूकही तितकीच खरी आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. धातू ऐकला की ‘स्कॅन होणार नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानले जाते. पण मणक्यात गाठ असलेल्या, अर्धांगाच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला स्कॅन नाकारणे हीदेखील इजाच आहे; फक्त ती केंद्राच्या नोंदवहीत येत नाही. हृदयातल्या स्टेंटसाठी काही आठवडे थांबायला अजूनही सांगितले जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने मात्र २००७ सालीच सांगितले होते की ३ टेस्लापर्यंतच्या यंत्रात स्टेंटनंतर केव्हाही स्कॅन करता येतो. तांबीतले तांबे चुंबकाकडे ओढले जात नाही. टायटॅनियमच्या प्लेटमुळे चित्र तेवढ्या जागी बिघडेल, पण प्लेट जागची हलणार नाही.

पेसमेकरची कथा बोलकी आहे. दीर्घकाळ तो सरसकट निषिद्ध होता. २०११ साली अमेरिकेत एमआरआयसाठी बनवलेल्या पहिल्या पेसमेकरला मंजुरी मिळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एमआरआयसाठी न बनवलेले पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असलेल्या रुग्णांचे छाती सोडून इतर भागांचे १,५०० स्कॅन १.५ टेस्लावर केले गेले. स्कॅनच्या वेळी एकही मृत्यू झाला नाही, एकही तार निकामी झाली नाही. एक डिफिब्रिलेटर मात्र बदलावा लागला, आणि त्याची मांडणी स्कॅनपूर्वी ठरलेल्या पद्धतीने बदलली गेली नव्हती. धोका यंत्रापेक्षा पद्धत चुकण्यात होता. म्हणून ‘पेसमेकर आहे, जमणार नाही’ आणि ‘हल्ली चालते म्हणतात, घ्या’ या दोन्ही उत्तरांत दोष एकच आहे: माहिती न काढता निर्णय घेणे.

कपडे आणि दागिने वरवर क्षुल्लक वाटतात, पण रोजच्या कामात सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागतो. पदराच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, अंबाड्यातले आकडे, जरीचा काठ, खिशातली किल्ली आणि मोबाइल, दंडातला ताईत, कमरेचा करगोटा. ताइताच्या आत काय आहे हे तो घालणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. सोने चुंबकाकडे ओढले जात नाही, पण ते विजेचे उत्तम वाहक आहे. शिवाय मंगळसूत्राच्या मण्यांतून ओवलेली तार आणि फाशातली बारीक स्प्रिंग सोन्याची असेलच असे नाही. यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे घरच्या कपड्यांवर स्कॅन न करता सर्वांना केंद्राचा सुती गाऊन देणे. खेळाडूंच्या काही कपड्यांत चांदीचे अदृश्य धागे विणलेले असतात आणि त्यांनी भाजल्याची नोंद आहे. मुखपट्टीतल्या नाकाच्या धातूच्या पट्टीने चेहरा भाजल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० च्या डिसेंबरात इशारा दिला होता. औषधी पट्ट्यांच्या पाठीवरच्या धातूच्या थराबद्दलचा इशारा २००९ चा.

मंगळसूत्र किंवा जोडवी काढायला अनेक स्त्रिया कचरतात. काही केंद्रांत हे स्कॅनच्या दारात, पुरुष कर्मचाऱ्याकडून, तोडून बोलले जाते आणि वाद होतो. वेळ ठरवतानाच फोनवर ही सूचना दिली, दागिने सांभाळायला घरच्या माणसाला सोबत बोलावले आणि कपडे बदलताना स्त्री कर्मचारी ठेवली, तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. बोटात रुतलेली आणि निघतच नसलेली अंगठी कापायलाच हवी असेही नाही; ती कोणत्या धातूची आहे आणि शरीराचा कोणता भाग स्कॅन होणार आहे हे पाहून, ती सुती पट्टीत गुंडाळून रेडिओलॉजिस्ट निर्णय घेऊ शकतो.

बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत चौकशीची सगळी साधने कमी पडतात. तिथे अंग नीट पाहणे, व्रण शोधणे, आधीचे एक्स-रे मिळवणे आणि ते नसतील तर डोके, छाती व पोट यांचे साधे एक्स-रे काढणे एवढेच हाती असते. नातेवाइकांवर भरवसा ठेवावा लागतो, पण तोही बेताने. मुलाला वडिलांच्या वीस वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती असेलच असे नाही. दाराशी बसवलेले लोहशोधक यंत्र इथे मदत करते. ते लोखंडासारख्या धातूलाच ओळखते, सोन्यावर किंवा तांब्यावर वाजत नाही, हा त्याचा गुण. पण शरीरात खोलवर असलेली बारीक वस्तू त्याला सुटू शकते आणि तापू शकणारी वाहक वस्तू त्याला कळतच नाही. चौकशीला पूरक म्हणून ते ठीक आहे. तिची जागा ते घेऊ शकत नाही.

गॅडोलिनियमयुक्त औषध टोचायचे असेल तर मूत्रपिंडांचा प्रश्न चौकशीत येतो. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी असलेल्या रुग्णांमध्ये त्वचा व अवयव कडक करणारा एक आजार या औषधाशी जोडला गेल्याचे २००६ साली लक्षात आले. नंतरच्या, अधिक घट्ट बांधणीच्या औषधांमध्ये हा धोका फारच कमी आहे. गरोदर स्त्रीचा एमआरआय गरज असेल तर करता येतो, हे औषध मात्र टाळले जाते.

आत असताना रुग्णाचे हृदय थांबले तर घाईत सगळे जण धावतात आणि चौकशीशिवायची माणसे आत घुसण्याची हीच वेळ असते. म्हणून आधीपासून ठरलेले असले पाहिजे: छातीवर दाब देत रुग्णाला लगेच बाहेर काढायचे, दार बंद करायचे आणि पुढचे उपचार बाहेर करायचे. शॉक देणारे यंत्र, सिलिंडर, कात्री यांतले काहीही आत जात नाही. आत वापरायचे स्ट्रेचर आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचे असावेत, त्यांवर ठळक खूण असावी आणि बाहेरचे त्यांच्याशेजारी ठेवूच नयेत. चुंबक उतरवण्याचे लाल बटण असते, पण ते दाबल्यावर क्षेत्र ओसरायला मिनिटभर किंवा जास्त वेळ लागतो. द्रवरूप हेलियमचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे ७०० पट वाढते, आणि तो बाहेर नेणारी नळी तुंबलेली असेल तर खोलीतला प्राणवायूच संपतो. माणूस यंत्राला अडकला असेल तेव्हा ते बटण दाबायचेच असते. अडकलेली खुर्ची सोडवायला नव्हे. कोणत्या वेळी दाबायचे, कोणी दाबायचे आणि नळी शेवटची कधी तपासली, याची उत्तरे प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असायला हवीत.

स्कॅन संपला तरी काही रुग्णांच्या बाबतीत जबाबदारी संपत नाही. मेंदूतले पाणी पोटात सोडणाऱ्या नळीची बाहेरून जुळवता येणारी झडप चुंबकाने सरकू शकते, म्हणून तिची मांडणी पुन्हा तपासावी लागते. स्कॅनसाठी बदललेला पेसमेकर पूर्वीसारखा लावावा लागतो, काढून ठेवलेला इन्सुलिन पंप परत जोडावा लागतो. हे कोणी, किती वाजता केले याची नोंद त्याच फॉर्मवर, रुग्ण केंद्रातून बाहेर पडण्याआधी झाली पाहिजे, आणि फॉर्मची एक प्रत त्याच्या हाती गेली पाहिजे, म्हणजे पुढच्या स्कॅनच्या वेळी विचारणाऱ्याला सुरुवात कोऱ्या कागदापासून करावी लागणार नाही.